२८ गाणी, ५४ मिनिटं

हा उजवा हात बघा. बाकी काही नको, फक्त हात.

हा जॉनी रमोन, ‘रमोन्स’ या अमेरिकन पंक रॉक बँडचा गिटारवादक. ३१ डिसेंबर १९७७ची रात्र, लंडनचं रेनबो थिएटर. गिटार कमरेच्याही खाली लोंबतेय आणि हात वरून खाली, वरून खाली पडतोय. गिटार वाजवणारे बहुतेक जण हात खाली नेताना एकदा तारा छेडतात आणि वर आणताना पुन्हा छेडतात. त्यात मनगटाला जरा उसंत मिळते. जॉनी ती घेत नाही. त्याचा फटका वरून खालीच. म्हणून हा आवाज लाकडात करवत चालावी तसा सलग लागतो. घरात गिटार असेल तर एक गाणं या वेगात असं वाजवून बघा. मनगट भरून येतं. इथे, म्हणजे त्या रात्रीच्या ‘इट्स अलाइव्ह’ या अल्बमवर, २८ गाणी आहेत, ५४ मिनिटांत. म्हणजे एका गाण्याला धड दोन मिनिटंही नाहीत.

‘यांना तीनच कॉर्ड (एकत्र छेडलेल्या सुरांचे मेळ) येतात’ असं रमोन्सबद्दल आजही बोललं जातं. बोलणाऱ्यांनी हा हात बघितलेला नाही.

आता गाणं संपतंय. कान द्या. टाळ्या घ्यायला कोणी थांबलं? शेवटचा सूर विरायच्या आत बेस गिटारवरचा डी डी ओरडतो, ‘वन, टू, थ्री, फोर!’ आणि पुढचं गाणं सुरू. मला या अख्ख्या ध्वनिमुद्रणात सगळ्यात जास्त आवडते ती हीच जागा, दोन गाण्यांमधली. रियाजाशिवाय हे जमत नाही. चौघेही न्यूयॉर्कच्या क्वीन्समधले, आडनाव एक पण भाऊ नव्हेत. १९७६च्या एप्रिलपासून १९७७च्या नोव्हेंबरपर्यंत त्यांचे तीन अल्बम आले होते. त्यांतलीच गाणी इथे वाजतायत, पण स्टुडिओतल्यापेक्षा जास्त वेगात.

मधे उंच जोई, गायक. एक पाय पुढे, माईकचा स्टँड मुठीत, केसांनी झाकलेला चेहरा.

आणि मागे ड्रमवर टॉमी. त्याच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही, पण लय सगळी त्याच्या हातात आहे. एड स्टेसियमच्या जोडीने या अल्बमची निर्मितीही त्यानेच केली. ब्रिटनच्या त्या दौऱ्यातले चार कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाले होते. त्यांतून हीच रात्र निवडली, कारण कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकांनी खुर्च्यांच्या दहा रांगा उखडून स्टेजवर भिरकावल्या, असं सांगतात.

टॉमीने १९७८ मध्ये बँड सोडला. ‘इट्स अलाइव्ह’ १९७९ मध्ये बाजारात आला. २००१ ते २०१४ या काळात चौघेही हे जग सोडून गेले. रेनबोमध्ये आता चर्च आहे.

हे शेवटचं गाणं. आवाज वाढवा. हात अजून वरून खालीच पडतोय.