1 जूनची माणसं

(कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या मुलांच्या प्रवेशोत्सवात निवृत्त मुख्याध्यापिकेने केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

बसा, बसा. मागं भिंतीला टेकून उभे आहेत त्या दादांनी पुढं या, इथं सतरंजी मोकळी पडलीय. शाळेत आलं की शेवटचा बाक धरायचा, ही सवय काय पोरांचे बाप झाला तरी जात नाही.

सरपंच, समितीचे अध्यक्ष, केंद्रप्रमुख साहेब आणि मंडळी, सगळ्यांची नावं घेत बसत नाही. एखादं राहिलं तर तुम्ही वर्षभर लक्षात ठेवता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मुलांची मिरवणूक छान झाली. फुगे फुटले, दोन पोरी रडल्या, एक बापही रडायच्या बेतात होता, मी पाहिलंय, नाव सांगत नाही. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर ठसे घेतलेत. ते वाळू द्या, पोरांच्या पायांची तेवढी मापं पुन्हा मिळायची नाहीत.

मला विषय दिलाय ‘पहिलीच्या पालकांची भूमिका’, आणि वेळ दिलाय वीस मिनिटं. विषयाकडं येतेच. त्याआधी एक विचारते. कागदोपत्री ज्यांचा वाढदिवस 1 जूनला येतो, त्यांनी हात वर करा. आजोबा, लाजू नका. नऊ, दहा, अकरा, आणि हा माझा बारावा. आता खरोखर 1 जूनला जन्मलेल्यांनी हात तसेच ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या. बघा. एकही राहिला नाही!

तरुण मंडळींना वाटतं ही मोबाईलवरची गंमत आहे. दर 1 जूनला निम्म्या गावाला केकची चित्रं येतात. पण ही गंमत गुरुजींच्या दौतीतून आलीय. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय जूनपासून मोजायचं, आणि आईबापाला तारीख सांगता यायची नाही. मग रकाना रिकामा कसा ठेवणार? लिहा 1 जून. मराठी मुलखात अशी एक पिढीच्या पिढी एकाच दिवशी जन्माला आली. सरकारी नोकरीत तर अजून मजा. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळं 31 मे आला की पंचायत समितीत निरोपाचे हार कमी पडतात. माझ्या निरोपाचा नारळ मी दुसऱ्याच्या हातात बघितलाय.

माझी गोष्ट सांगते. जरा लांबेल, पण अध्यक्षांचं भाषण माझ्यानंतर आहे, त्यांनी ते आखूड करावं.

आमच्या आईनं मला शाळेत नेलं ते 1973 च्या जूनमध्ये. खरं तर मला न्यायचंच नव्हतं. भावाला न्यायचं होतं, मी मागं लागले म्हणून आले. गुरुजींनी विचारलं, ‘मावशी, पोरीची जन्मतारीख सांगा.’ आई म्हणाली, ‘तारीख मला कुठली म्हाईत असायला? बेंदूर झाला आन् दुसऱ्या दिशी ही झाली. भूकंपाच्या पुढल्या सालातला बेंदूर.’

आता ऐका नीट. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. त्याच्या पुढचं साल 1968. आमच्याकडचा बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, आषाढात येतो, पौर्णिमेच्या सुमाराला, म्हणजे जुलै महिना. अक्षरओळख नसलेल्या बाईनं साल सांगितलं, महिना सांगितला, जवळजवळ दिवसही सांगितला! एक जुनं पंचांग उघडलं असतं तर तारीख हातात होती. पण गुरुजींच्या वहीत बेंदराला रकाना नव्हता.

मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. ती कुणाकुणाला आठवते? उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. माझं पाचवंही पुरं झालं नव्हतं, कान कुठला लागणार? मी काय केलं, मान वाकडी केली. (हशा) गुरुजी हसले आणि लिहिलं, 1 जून 1967. एका मान वाकडी करण्यात मी वर्षा-सव्वावर्षानं मोठी झाले.

त्या गुरुजींना मी नावं ठेवत नाही. पटावर पोरं हवीत, पटावर शिक्षक मिळतो, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. आज कायद्यानं प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि गावातलं एकेक पोर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत चढलं की मुख्याध्यापकाच्या पोटात गोळा येतो. गुरुजींनी एका मुलीला शाळेत घेतलं, हे उपकारच. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला 1 रुपया दंड लावला. तेव्हाचा रुपया म्हणजे काय, ते आजोबांना विचारा. त्यानंतर इतक्या वर्षांनी आमच्या गल्लीतून शाळेत गेलेली मी दुसरी मुलगी. तेव्हा गुरुजींना माझा नमस्कारच आहे.

पण तक्रार आहे. गेल्या वर्षी 31 मेला मला निरोप दिला. बेंदराच्या हिशेबानं मी या 31 जुलैला निवृत्त होणार होते. म्हणजे आज मी पाहुणी म्हणून नव्हे, तिकडं माझ्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून उभी असते, आणि खिचडी शिजली का म्हणून आत-बाहेर करत असते. चौदा महिन्यांचा पगार बेंदराच्या बैलाबरोबर गेला. आमचे यजमान म्हणतात, अर्ज कर. जोडपत्र काय लावू? बैल?

हसा. पण ही गोष्ट मी तेवढ्यासाठी सांगितलेली नाही.

आईला जे माहीत होतं ते खरं होतं. वहीत जे लिहिलं ते खोटं होतं. आणि पुढं पन्नास वर्षं चाललं ते वहीतलं. एका घरानं काहीतरी नेमकं, मोलाचं सांगितलं आणि शाळेला ते ऐकूच आलं नाही, कारण ते शाळेच्या भाषेत नव्हतं. मला सांगा, हे आता बंद झालंय का?

जन्मतारखेपुरतं झालंय. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, म्हणजे मी एक वर्ष घाई केली. आता बाळ झालं की 21 दिवसांत नोंद करायची, पहिलीला येताना दाखला आणायचा, 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पुरी हवीत. दाखला नसला तरी शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेश नाकारता येत नाही, हेही ऐकून ठेवा, कुणी ऊसतोडीहून उशिरा आलेलं असेल तर त्याला सांगा. पण आजचा प्रवेशाचा फॉर्म बघा. आधार नंबर, बँक खातं, रक्तगट, यू-डायसची माहिती, अपार आयडी. घरी पोराला काय हाक मारता, हे कुठं विचारलंय? ते कशाला भितं? झोपताना कुणाजवळ झोपतं? आई मळ्यात गेली की त्याला कोण बघतं? एका कानानं कमी ऐकू येतं का? हे तुम्हाला माहीत आहे. बाईंना माहीत नाही. आणि रकाना नाही म्हणून तुम्ही सांगत नाही.

याची किंमत मी स्वतः दुसऱ्याच्या पोरीकडून वसूल केलीय. नोकरीचं माझं दुसरं वर्ष. पहिलीतली एक पोर, चुणचुणीत, दिवसभर टकळी चालू. एकदा उठून म्हणाली, ‘बाई, मी पाणी पिऊन येतो.’ आता आपल्या भागात बायका-पोरी ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात. माझी आई मरेपर्यंत म्हणाली. मीही म्हणायची, डी.एड.ला गेल्यावर तिथं हसले म्हणून सोडलं. आणि जे माझ्यावर हसले तेच मी तिच्यावर हसले. ‘तू मुलगा आहेस का गं? येते म्हण, येते.’ वर्ग हसला. पोर खाली बसली. पाणी प्यायला गेली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली नाही, त्या आठवड्यात बोलली नाही, दिवाळीपर्यंत तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. मला वाटलं, मंद आहे. तसं मी तिच्या आईला सांगितलंही. आई म्हणाली, ‘बाई, घरात तर ही कुनाला बोलू देत न्हाई.’

ते वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. बेंदूर ऐकला नाही ना गुरुजींनी, तसंच. पुढं संक्रांतीला तिच्या घरी गेले, तर ही चुलीपुढं बसून आजीला आमच्या वर्गाची नक्कल करून दाखवत होती. माझीही. ‘येते म्हण, येते.’ माझाच आवाज, माझाच हात. शाळेत मुकी असलेली पोर घरात पूर्ण तासच घेत होती! त्या दिवशी मी चहा प्यायला नाही, घशाखाली उतरलाच नसता.

प्रमाण मराठी शिकवायची नाही असं मी म्हणत नाही. ती यायलाच पाहिजे, पुढं परीक्षा आहेत, नोकऱ्या आहेत. पण पोर आधी बोलू दे, मग ‘येते’ येतं. बालभारतीचं पुस्तक पहिल्या दिवशी फुकट मिळतं, आज मिळालंच आहे. त्यातली भाषा नवी आहे. घरून आणलेली भाषा काढून घेतली तर पोराच्या हातात पहिले सहा महिने काहीच राहत नाही. शिक्षण हक्क कायद्यातही जमेल तिथं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलंय. त्यात मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. हसणं त्यात येतं का, हे मी वकिलांना विचारलं नाही. मला उत्तर माहीत आहे.

बाईंनी चिठ्ठी दिलीय. ‘पाच मिनिटे. भात गार होतोय.’ आणि मागून ‘शिराही आहे’ असं कुणीतरी लिहिलंय. म्हणजे आता पोरं माझं ऐकणार नाहीत. तर विषयाकडं येते. वीस मिनिटांचं पाच मिनिटांत घ्या.

एक. शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या बायका. कागदावर. प्रत्यक्षात सह्यांची वही शिपायाबरोबर घरी येते आणि चुलीपाशी सही होते. यंदा वही घरी आली तर परत पाठवा, आणि मागोमाग तुम्ही या. बैठकीत काही कळत नसेल तर निदान छप्पर कुठं गळतं ते सांगा, ते तर डोक्यावर पडतं.

दोन. पहिलीत ‘किती मार्क’ विचारू नका. घरी आल्यावर ‘आज काय शिकलास’ही विचारू नका, पोर म्हणतं ‘काही नाही’, आणि खरंच सांगतं, शिकलेलं त्याला शिकल्यासारखं वाटत नाही. ‘आज कुणाशेजारी बसलास, भाताबरोबर काय होतं’ विचारा. भातावरून गाडी आपोआप गणितावर येते. आणि जेवणाची चव एखाद दिवशी येऊन बघा. पहिली ते पाचवीच्या पोरामागं 100 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, तो ताटात दिसला पाहिजे.

तीन. रोपलावणीला, बेंदराला, जत्रेला पोर घरी ठेवाल, मला माहीत आहे. ठेवा. पण दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर बाईंना निरोप द्या, काल याने बैल रंगवला, याला विचारा. बाईंना त्या दिवसाचा भाषेचा तास फुकट मिळेल. आठवडाभर मात्र ठेवू नका. पहिलीत आठवडा गेला की पोर परक्यासारखं दारात उभं राहतं.

दप्तराचं वजन पोराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, म्हणजे वीस किलोच्या पोराला दोन किलो. पाण्याची बाटली त्यातच धरा. आजी घालते तो लाडूचा डबा वेगळा.

चार होतं काहीतरी. राहू दे.

शेवटचं, आणि हे माझं खास काम आहे. बाईंना विचारून मी कोरे कागद आणलेत. फॉर्मला जोडायचे, सरकारनं मागितलेले नाहीत. त्यावर एवढंच लिहा, घरी काय हाक मारता, कशाला भितं, कशानं हसतं, कोणता शब्द घरचा आहे जो बाईंना कळणार नाही. आणि बाईंना जे सांगायचं तुम्हाला धाडस होत नाही ते. अक्षर कसंही असू दे. लिहायला येत नसेल तर तुम्ही सांगा, मी लिहून घेते, मला आता दुसरं काम नाही, अजून दीड महिना तरी मी हिशेबानं नोकरीतच आहे.

मी त्या कडुनिंबाखाली बसते. अध्यक्ष, तुमचं भाषण चालू द्या, आम्ही हळू बोलतो. या वहिनी, तुम्ही या आधी, कडेवरचं ठेवा खाली. हिचं नाव पटावर काय आहे ते मी वाचलंय. घरी काय म्हणता हिला?