फोनचं दुसरं आयुष्य खरेदीच्या दिवशीच ठरतं
(इंदूरच्या रामबागेत मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या इंदूरच्या कचरागाडीला इ-कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे. ओला, सुका, प्लास्टिक हे सगळं आपण इमानेइतबारे वेगळं करतो. पण त्या इ-कचऱ्याच्या कप्प्यात मोबाइल किती घरांतून पडतो? फारसा नाही, कारण कपाटात पडलेला तो फोन बिघडलेलाच नसतो. स्क्रीन लागते, चार्ज होतो, फोटोही बरे येतात. फक्त बँकेचं ॲप म्हणतं, तुमचं अँड्रॉइड जुनं झालं. व्हॉट्सॲप म्हणतं, या फोनवर मी आता चालणार नाही. टाकवत नाही आणि वापरवत नाही, असं ते प्रकरण.

अशा फोनवरची आणि टॅबवरची कंपनीची सिस्टीम काढून दुसरी बसवता येते, त्याबद्दल आज बोलायचंय. जेल रोडच्या दुकानांत 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणतात, ते बहुतेक वेळा कंपनीचीच सिस्टीम पुन्हा भरणं असतं. मी बोलतोय ते त्याच्या पुढचं. कॉलेजची मुलं ज्याला 'रॉम टाकणं' म्हणतात, ते.

हे मुळात शक्य होतं, कारण अँड्रॉइडचा गाभा खुला आहे. त्याचा सोर्स कोड कुणीही उतरवून घ्यावा, बदलावा, वाटावा. पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी ड्रीम, २००८ साली बाजारात आला आणि २००९मध्ये स्टीव्ह कॉन्डिक नावाच्या प्रोग्रामरनं त्याच फोनसाठी सायनोजेनमॉड ही बदललेली अँड्रॉइड सिस्टीम सुरू केली. त्याच वर्षी गूगलनं नोटीस धाडली. अँड्रॉइड बदललंत त्याला आमची हरकत नाही, पण जीमेल, मॅप्स, मार्केट ही आमची ॲप त्यात घालून वाटू नका. ती रेघ आजही तशीच आहे. म्हणून आज तुम्ही सायनोजेनमॉडचं वारस असलेलं लिनिएज ओएस बसवलंत तर त्यात प्ले स्टोअर नसतं. ते हवं असेल तर वेगळं पॅकेज आणून टाकावं लागतं. पुष्कळांना वाटतं, इन्स्टॉल करताना काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं.

सायनोजेनमॉडची पुढची गोष्ट आपल्या देशातल्या कोर्टापर्यंत पोचली. त्याची कंपनी झाली, २०१४मध्ये वनप्लस वन हा फोन सायनोजेन घेऊनच आला, आणि इकडे भारतापुरते हक्क मायक्रोमॅक्सला त्यांच्या यू या ब्रँडसाठी दिले गेले. एकाच सिस्टीमवर दोन दावेदार! डिसेंबर २०१४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं वनप्लस वनची विक्री थांबवली, थोड्याच दिवसांत खंडपीठानं ती मोकळी केली. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१६मध्ये, सायनोजेनचंच दुकान बंद झालं. कोड मात्र खुला होता, त्यामुळे स्वयंसेवकांनी तो उचलला आणि लिनिएज ओएस या नावानं चालू ठेवला. कंपनी बुडाली तरी काम बुडालं नाही, ही खुल्या कोडची कमाई.

आपल्या लोकांचा या प्रकाराशी संबंध बऱ्याच आधी आला होता, तोही भाषेपायी. अँड्रॉइड २.३च्या काळात बहुतेक फोनवर मराठी मजकूर उघडला की चौकोन दिसायचे. मग ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये जाऊन एक आडवळणाचं सेटिंग बदलायचं, म्हणजे अक्षरांची चित्रं होऊन यायची. ज्यांना तेवढ्यानं समाधान नव्हतं ते फोन रूट करून, म्हणजे सिस्टीमच्या आत बदल करायचा पूर्ण अधिकार मिळवून, देवनागरी फाँट आत घालायचे. तरी पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी पडायची, कारण नुसता फाँट पुरत नाही, अक्षरं जुळवणारी यंत्रणाही सिस्टीममध्ये लागते. सिस्टीमची भाषा म्हणून मराठी आली ती थेट अँड्रॉइड ५मध्ये, २०१४ साली. ज्याच्या फोनला कंपनीनं ते अपडेट दिलं नाही, त्यानं रॉम टाकून मराठी मिळवली. आज केसांत पांढरं आलेले आमच्यातले काहीजण या वाटेला लागले ते असे.

आता मुख्य मुद्दा. अँड्रॉइड खुलं आहे, तर मग प्रत्येक जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड का बसत नाही? इथे गाडं अडतं ते चिपशी. प्रोसेसर, कॅमेरा, मोडेम, वायफाय यांना चालवणारे छोटे प्रोग्राम चिप बनवणारी कंपनी देते, आणि त्यातले बरेचसे बंद स्वरूपात देते. आपल्याकडच्या पोह्यांसारखं समजा. कृती गल्लीत सगळ्यांना ठाऊक, पण वरून भुरभुरायचा जीरावन मसाला एकाच दुकानाच्या बंद पुडीत येतो. त्या दुकानदारानं पुडी देणं थांबवलं की तुम्ही पोहे कितीही ताजे करा, ती चव येणार नाही. फोनमध्ये हे 'चव' वगैरेवर भागत नाही. कॅमेरा उघडतच नाही, किंवा ब्लूटूथ गप्प बसतं.

त्यात कर्नलचा भाग आहे. अँड्रॉइडच्या खाली लिनक्स कर्नल असतो, म्हणजे हार्डवेअरशी थेट व्यवहार करणारा तळाचा भाग. त्याच्या परवान्यानुसार कंपनीनं आपल्या बदलांचा सोर्स प्रसिद्ध करायलाच हवा. चांगल्या कंपन्या करतात, काही टाळाटाळ करतात, आणि ज्या फोनचा कर्नल सोर्स बाहेर आला नाही त्याच्यासाठी धड रॉम बनणं अवघड. २०१७मध्ये अँड्रॉइड ८बरोबर गूगलनं ट्रेबल नावाची रचना आणली. चिपशी बोलणारा भाग आणि वरची सिस्टीम वेगळी केली. त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच फोनांवर एकच सामायिक अँड्रॉइड निदान सुरू तरी होतं. 'निदान' यासाठी म्हणतो की सुरू होणं आणि रोज वापरता येणं यात अंतर आहे.

तिसरी अडचण कुलपाची. बूटलोडर हा फोन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम. तो बंद असेल तर कंपनीच्या सहीशिवाय दुसरी कुठलीही सिस्टीम तो पुढे सोडत नाही. काही कंपन्या हे कुलूप उघडू देतात. गूगलचे पिक्सेल त्यात सोपे, मात्र एखाद्या मोबाइल-सेवा कंपनीच्या करारावर विकलेला पिक्सेल नसावा. शाओमी उघडू देते, पण आधी खातं जोडा, मग थांबा, असा तिचा सरकारी कचेरीसारखा खाक्या. हुआवेनं २०१८मध्ये कुलूप उघडायचा कोड देणंच बंद केलं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत नॉक्स या सुरक्षा-यंत्रणेचा फ्यूज असतो. परकी सिस्टीम टाकली की तो कायमचा उडतो, आणि नंतर कंपनीची मूळ सिस्टीम परत बसवली तरी सुरक्षित फोल्डरसारख्या सोयी परत येत नाहीत.

म्हणून मी लोकांना सांगतो की जुन्या फोनवर काय बसेल हे दहा वर्षांनी विचारायचं नसतं, घेतानाच विचारायचं असतं. दुकानात किती मेगापिक्सेल, किती रॅम हे आपण खोदून खोदून विचारतो. याचा बूटलोडर उघडतो का, हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर विक्रेता आपल्याकडे असा बघतो की जणू आपण फोन चोरायला आलोय. घरी बसून लिनिएजच्या यादीत तो मॉडेल आहे का बघा. तिथे प्रत्येक फोनाला एक टोपणनाव असतं. रेडमी नोट ४चं मिडो, पोको एफ१चं बेरिलियम, वनप्लस ६चं एन्चिलाडा, हा मेक्सिकोतला खाद्यपदार्थ. ही नावं गंमत म्हणून नाहीत. बाजारात एकाच नावाचे दोन फोन असतात, आत चिप वेगळी असते, आणि चुकीच्या टोपणनावाची फाइल टाकली तर फोन पुन्हा उठेलच याची खात्री नाही.

कृती मी इथे पायरी पायरीनं सांगत बसणार नाही, ती प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि लिनिएजच्या पानावर व्यवस्थित लिहिलेली असते. ढोबळ क्रम असा: सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडायचे, ओईएम अनलॉकिंग चालू करायचं, फोन फास्टबूट या खास स्थितीत नेऊन केबलनं कॉम्प्युटरला जोडायचा, बूटलोडर उघडायचा, नवी रिकव्हरी, म्हणजे सिस्टीम भरून देणारा छोटा प्रोग्राम, चढवायची आणि तिच्यातून सिस्टीम भरायची. बूटलोडर उघडताक्षणी फोनमधलं सगळं पुसलं जातं. हा दोष नव्हे. चोरानं फोन उघडून तुमचे फोटो वाचू नयेत म्हणूनच तसं केलेलं आहे. पण बॅकअप घेतला नसेल तर तुमच्यासाठीही ते गेलेच. आणखी एक: आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख पटवणारा नंबर, ज्या भागात असतो त्याला हात लावू नका. तो बदलणं हा आपल्याकडे तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि तो भाग नुसता खराब झाला तरी सिमला रेंज मिळत नाही.

मघाशी मागून एका काकांनी विचारलं, 'यूपीआय चालेल का?' खरं उत्तर असं की धरून चालू नका. प्ले इंटिग्रिटी नावाची गूगलची एक तपासणी आहे. बँकेची ॲप तिला विचारतात, हा फोन मूळ स्थितीत आहे का? बूटलोडर उघडा असेल तर उत्तर सहसा 'नाही' येतं. त्यावर तोडगे निघतात, गूगल ते बंद करतं, पुन्हा नवे निघतात. ज्याला त्यात रस आहे त्यानं जरूर करावं, पण किराणा दुकानात रांग लावून उभं असताना ही मजा नको. माझं म्हणणं सरळ आहे: पैशाचा फोन वेगळा, प्रयोगाचा वेगळा. आणि एक बाजू तेवढीच खरी आहे की उघडा बूटलोडर ही खरोखरच कमजोरी आहे. फोन हातात आलेला माणूस त्यात काहीही घालू शकतो. पिक्सेलवर ग्राफीन ओएस ही सुरक्षेवर भर देणारी सिस्टीम बसवून कुलूप पुन्हा लावता येतं, म्हणून सुरक्षेची चाड असणारे लोक तेच वापरतात. बहुतेक इतर फोनांना ती सोय नाही.

दुसरी खास आपल्या देशाची अडचण म्हणजे कॉल. जिओकडे जुनं २जी-३जी जाळंच नाही, तिथले कॉल सहसा व्होएलटीईवरून, म्हणजे ४जीच्या डेटा जाळ्यावरून, जातात. व्होएलटीई चालवणारा भाग पुन्हा त्या बंद पुडीतला. रॉममध्ये तो बसला नाही तर इंटरनेट सुसाट आणि फोन लागत नाही. वनप्लस ६ किंवा पोको एफ१वर पोस्टमार्केट ओएस टाकणाऱ्यांनी हे आधी वाचून घ्यावं. त्या प्रकल्पाचा उद्देश मला फार आवडतो. फोन दहा वर्षं चालावा, आणि त्यासाठी अँड्रॉइड बाजूला ठेवून थेट मुख्य प्रवाहातला लिनक्स त्यावर आणायचा. पण रोजच्या वापराचा फोन म्हणून मी तो कुणाच्या आईच्या हातात देणार नाही. उबुंटू टच ही लिनक्सवरची फोन-सिस्टीमही तशीच. ती बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीनं २०१७मध्ये सोडून दिली, यूबीपोर्ट्स या गटाच्या लोकांनी सांभाळली.

पर्यायी सिस्टीम म्हटलं की लोकांना काहीतरी परदेशी, हॅकरछाप वाटतं. आपल्यातल्या कितीतरी घरांत ती येऊन गेली आहे. २०१७चा जिओफोन आठवतो? त्यावर कायओएस होतं, आणि ते मोझिलानं सोडून दिलेल्या फायरफॉक्स ओएसच्या कोडातून निघालेलं. जानेवारी २०२३मध्ये आयआयटी मद्रासच्या छत्राखाली भारोएस जाहीर झालं, तेही अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यावरच उभं. मग कंपन्या स्वतःहून अशा सिस्टीम का देत नाहीत? स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, त्या निकालात याचं उत्तर सापडतं. गूगलची ॲप हवी असतील तर वेगळं अँड्रॉइड बनवणार नाही असं लिहून द्या, अशा करारांवर त्यात बोट ठेवलेलं आहे. दंडाची रक्कम सगळ्यांनी वाचली, हे कलम फारच थोड्यांनी.

टॅबबद्दल मी जास्त आशावादी आहे, कारण टॅबवरून कुणी यूपीआय करत नाही आणि कॉलही क्वचितच. २०१३चा नेक्सस ७ घ्या. अँड्रॉइड ४.३वर आला, गूगलनं ६.०.१ला सोडून दिला, लिनिएजच्या लोकांनी अँड्रॉइड ११पर्यंत नेला. वाचनासाठी, भजनं लावायला, स्वयंपाकघरात व्हिडिओ बघायला असा टॅब पुष्कळ झाला. प्ले स्टोअर टाकूच नका. एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या दुकानातून वाचायचं ॲप घ्या, टॅब हलका राहतो. दोन गोष्टी कमी पडतील. पैसे भरून बघायच्या ओटीटीवर चित्र बऱ्याचदा कमी दर्जाचं येतं, कारण नक्कल रोखणारी वाइडवाइनची वरची पातळी निघून जाते. आणि मोडेमसारख्या बंद भागांतली सुरक्षेची भोकं लिनिएज बुजवू शकत नाही, ते फक्त वरचा भाग ताजा ठेवतं.

बॅटरी फुगली असेल, मागचं झाकण वर आलं असेल, तर सिस्टीमचा विषय काढूच नका. तसा फोन किंवा टॅब चार्जरला लावायचा नाही, आधी दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा.

आयपॅडचं काय, ही चिठ्ठी आलीय. ॲपल बूटलोडर उघडू देत नाही. २०१९मध्ये चेकमेट नावाची एक खोट सापडली, जुन्या चिपमधली, सॉफ्टवेअर अपडेटनं न मिटणारी. तिच्या जोरावर २०२०मध्ये आयफोन ७वर अँड्रॉइड चालवून दाखवलंही. दाखवलं एवढंच. घरच्या जुन्या आयपॅडला मी हात लावत नाही. ज्यांनी आज अँड्रॉइड टॅब आणलेत त्यांनी मागे टेबलापाशी या. मागच्या बाजूचा मॉडेल नंबर पूर्ण, शेवटच्या अक्षरासकट, कागदावर लिहून आणा, आणि चार्जिंग अर्ध्याच्या वर असू द्या. यादीत नसलेल्या टॅबवर आपण आज काही करणार नाही आहोत.