एकच पान, तीन इंजिनं

[पडद्यावर एक फॉर्म. नाव, पत्ता, फोन नंबर. तळाशी निळं बटण: 'अर्ज पाठवा'.]

हा फॉर्म मी बनवला होता. माझ्या लॅपटॉपवर तो असा दिसायचा. सुटसुटीत, सगळं एका नजरेत मावणारं.

[तोच फॉर्म, फोनवर. बटण दिसत नाही.]

आणि हा तोच फॉर्म, एका अर्जदाराच्या फोनवर. सगळे रकाने भरून झालेत. आता पाठवायचं, पण कुठून? बटण पानावर आहे. फक्त ते ब्राउझरच्या खालच्या पट्टीआड गेलंय. बोटाने पान वर सरकवावं, तर पान हलत नाही.

कितीतरी दिवस हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कारण ज्याला बटण सापडत नाही, तो तक्रार करत बसत नाही. त्याला वाटतं, आपल्यालाच जमलं नाही. तो फोन खिशात ठेवतो आणि निघून जातो. मला या कामातली सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच वाटते.

[शीर्षक]

वेबसाइटचं पान म्हणजे चित्र नव्हे. ते चित्र असतं तर सगळीकडे सारखंच दिसलं असतं. सर्व्हरकडून येतो तो निव्वळ मजकूर: हे शीर्षक, हा परिच्छेद, इथे बटण, याचा रंग असा, त्याची रुंदी तशी. त्या सूचना वाचून पान उभं करायचं काम तुमच्या यंत्रावरचा ब्राउझर करतो. नाटकाची संहिता एकच असते, प्रयोग मात्र प्रत्येक संस्था आपापल्या परीने उभा करते. इथेही तसंच. जिथे संहितेत स्पष्ट लिहिलेलं नाही, तिथे प्रत्येक ब्राउझर आपल्या मनाने जागा भरतो.

हा प्रयोग उभा करणारा ब्राउझरच्या पोटातला भाग म्हणजे इंजिन. ब्राउझर पुष्कळ आहेत, पण इंजिनं आज मुख्यतः तीनच. क्रोम, एज आणि ऑपेरा यांच्यात ब्लिंक. सफारीत वेबकिट. फायरफॉक्समध्ये गेको. ब्लिंकही मुळात वेबकिटमधूनच २०१३ साली वेगळं झालं, म्हणजे ही दोघं भावंडंच.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण भलेभले इथे फसतात. आयफोनवर क्रोम नावाचं ॲप असतं, पण त्याच्या आत ब्लिंक नसतं. ॲपलच्या नियमानुसार आयफोनवरच्या ब्राउझरांना वेबकिटच वापरावं लागत आलंय. युरोपीय संघात हा नियम २०२४ मध्ये सैल झाला. तेव्हा 'मी क्रोममध्ये तपासलंय' हे वाक्य कुणी म्हणालं, की पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: कुठल्या यंत्रावरच्या क्रोममध्ये?

[जुन्या संगणकाचा पडदा. करड्या पार्श्वभूमीवर निळे दुवे.]

१९९० साली सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर लिहिला. तेव्हा हा प्रश्नच नव्हता. ब्राउझर एकच होता. १९९३ मध्ये मोझॅक आला, १९९४ मध्ये नेटस्केप, १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर, आणि चढाओढ सुरू झाली. पानाला रूप देणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली अधिकृत नियमावली १९९६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. नियम कागदावर आले, पण ब्राउझर बनवणाऱ्यांनी ते आपापल्या परीने वाचले.

त्या काळातलं एकच भांडण जवळून बघू. एका चौकटीचं.

[पडद्यावर एक चौकट. आत मजकूर, भोवती मोकळी जागा, मग किनार.]

समजा, मी लिहिलं: या चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल. आतल्या मजकुराला श्वास घ्यायला दोन्ही बाजूंना २० पिक्सेल मोकळी जागा, म्हणजे पॅडिंग. आणि दोन्ही बाजूंना ५ पिक्सेलची किनार. आता सांगा, चौकट किती रुंद?

नियमावली म्हणते, ३०० ही फक्त मजकुराची रुंदी. त्यात पॅडिंगचे ४० आणि किनारीचे १० मिळवा. एकूण ३५०. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर, साडेपाचव्या आवृत्तीपर्यंत, म्हणायचा की ३०० म्हणजे किनारीपासून किनारीपर्यंत सगळं मिळून ३००. मजकुराला उरले २५०.

खरं सांगायचं तर त्या चुकीच्या ब्राउझरचा हिशोब माणसाच्या मनाला जास्त पटणारा होता. खोक्याचं माप आपण बाहेरूनच घेतो. पण प्रश्न कोण शहाणा हा नव्हताच.

[दोन स्तंभांचं पान. उजवा स्तंभ घसरून डाव्याच्या खाली जातो.]

पान ९०० पिक्सेल रुंद. डावा स्तंभ ६००, उजवा ३००. बेरीज चोख. आता उजव्या स्तंभाला दोन्ही बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग द्या. एका ब्राउझरमध्ये काहीच बिघडत नाही. दुसऱ्यात तो स्तंभ ३४० चा होतो, बेरीज ९४० वर जाते, आणि जागा पुरत नाही म्हणून तो स्तंभ सरळ पानाच्या तळाशी जाऊन पडतो. पान बनवणाऱ्याने लिहिलेलं एक अक्षरही चुकीचं नसतं.

यावर लोकांनी काय काय उपाय केले! तांतेक चेलिक यांनी शोधलेली एक युक्ती तर मला आजही थक्क करते. सीएसएसमध्ये आवाजासाठी एक सूचना आहे: पान मोठ्याने वाचून दाखवायचं झालं, तर कुठल्या आवाजात वाचायचं. त्या सूचनेत त्यांनी अवतरणचिन्हांच्या आत एक महिरपी कंस घातला. विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ त्या कंसाला फसायचा. त्याला वाटायचं, नियम इथेच संपला. म्हणून कंसाच्या आधी त्याच्यासाठी ३०० लिहायचे, आणि कंसानंतर, जिथे तो कधी पोचणारच नाही तिथे, बाकीच्यांसाठी २६० लिहायचे. पॅडिंगचे ४० मिळवले की पुन्हा ३००. रुंदीचा तिढा सोडवायला आवाजाची सूचना! ज्या माणसाने हे शोधलं, त्याला ब्राउझर अक्षर न् अक्षर कसा वाचतो हे पाठ असणार.

हेच चेलिक मॅकवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ चं इंजिन घडवणाऱ्यांत होते. २००० साली त्या ब्राउझरमध्ये एक तोडगा आला, तो आजही चालू आहे. पानाच्या पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे पान कुठल्या नियमांनी लिहिलंय हे सांगणारी सूचना असेल, तर नियमावलीप्रमाणे वाचायचं. नसेल, तर पान जुनं आहे असं समजून जुन्या सवयी पाळायच्या. आजही ती ओळ विसरून बघा. तक्त्यांमधला मजकूर भोवतालच्या अक्षरांचा आकार घेईनासा होतो, आणि माणूस तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो. रुंदीच्या भांडणाचाही शेवट बरा झाला. बॉक्स-सायझिंग नावाची सूचना आली, आणि कुठला हिशोब लावायचा हे पान बनवणाऱ्याच्या हाती आलं. आज बहुतेक जण बाहेरून मोजायचा हिशोब निवडतात.

[कोडच्या ओळी. दोन खुणा एकमेकांत अडकलेल्या.]

दुसरं मोठं भांडण चुकांचं होतं. ठळक अक्षरं सुरू केली, त्यात तिरकी सुरू केली, आणि बंद करताना क्रम चुकवला. असं कोट्यवधी पानांवर होतं. पान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलची जुनी नियमावली फक्त बरोबर कसं लिहायचं हे सांगत होती. चुकीचं लिहिलेलं कसं वाचायचं, याबद्दल गप्प. मग प्रत्येक ब्राउझर आपल्या अंदाजाने चूक दुरुस्त करायचा, आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी. २००४ मध्ये सुरू झालेल्या वॉटविग या गटाने हे काम हाती घेतलं. त्यांच्या एचटीएमएल ५ मध्ये चुकीचं पान कसं वाचायचं तेही पायरीपायरीने लिहिलं गेलं. या कामाचं कौतुक फारसं होत नाही. पण मला विचाराल, तर आज पानं सगळीकडे सारखी उभी राहतात त्याचं मोठं श्रेय याच कंटाळवाण्या पानांना आहे.

[पिवळा हसरा चेहरा. वर लिहिलंय: हॅलो वर्ल्ड.]

हा चेहरा म्हणजे ॲसिड २ ही चाचणी. २००५ च्या एप्रिलमधली. नियम बरोबर पाळले तर चेहरा नीट दिसतो, नाही तर नाकडोळे विस्कटतात. आता अशा चाचण्यांचा प्रचंड साठा सगळे मिळून सांभाळतात. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि फायरफॉक्स बनवणारी मोझिला दरवर्षी इंटरॉप या उपक्रमात एकत्र बसून ठरवतात, की यंदा कुठले फरक मिटवायचे. एके काळी एकमेकांच्या जिवावर उठलेल्यांनी असं एका मेजाशी बसावं, हे बघून बरं वाटतं.

[ब्राउझरची ओळख सांगणारी एक लांबलचक ओळ.]

तरीही फरक उरतात. आणि उरले की पहिला मोह होतो तो ब्राउझरला विचारायचा: तू कोण? क्रोम असशील तर हे पान, सफारी असशील तर ते. पण या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. नेटस्केपचं टोपणनाव मोझिला. काही साइट चांगली पानं फक्त मोझिलालाच द्यायच्या. म्हणून इंटरनेट एक्सप्लोररने स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं, आणि पुढे सगळ्यांनीच. आजच्या क्रोमची ओळख वाचा. त्यात मोझिला आहे, ॲपलवेबकिट आहे, 'गेकोसारखा' असंही आहे, क्रोम आहे आणि शेवटी सफारीही आहे.

म्हणून 'तू कोण' असं न विचारता 'तुला हे जमतं का' असं विचारावं. सीएसएसमध्ये तर कधीकधी विचारायचीही गरज नसते. तिचा एक मूळ नियम आहे: जी ओळ कळत नाही, ती सोडून पुढे जा. आधी सगळ्यांना कळेल अशी ओळ लिहा, तिच्याखाली नवी ओळ लिहा. ज्याला नवी कळते तो ती घेतो. ज्याला नाही कळत, त्याच्याकडे जुनी आहेच.

पानाकडून कामं करून घेणारी जावास्क्रिप्ट ही भाषा मात्र इतकी सोशिक नाही. एकदा मी तारीख लिहिली: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा, आणि नंतर एक मोकळी जागा सोडून वेळ. क्रोमने ती निमूट वाचली. त्या वेळच्या सफारीने सांगितलं, ही तारीखच नाही. नियमात मोकळ्या जागेऐवजी रोमन टी हे अक्षर हवं असतं. बाकी काहीही लिहिलं तर वाचायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. चूक माझी होती, आणि एका ब्राउझरने ती पोटात घातल्यामुळे मला कळली नव्हती.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी अक्षरांकडेही डोळ्यांत तेल घालून बघावं. एखाद्या यंत्रावर ठरवलेला फॉन्ट नसला की दुसरा येतो, आणि त्याच्या उंचीचा हिशोब वेगळा असतो. ओळींमधलं अंतर आवळलेलं असेल, तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात. अक्षरांत अंतर टाकायची हौस केली, तर शिरोरेषाच तुटते. इंग्रजी पानावर हे दोष दिसतच नाहीत, म्हणून ते निसटतात.

आणि सगळीकडे सारखं दिसावं म्हणजे पिक्सेल न् पिक्सेल जुळायला हवा का? मला नाही वाटत. एका ब्राउझरमध्ये बटणाचे कोपरे जरा जास्त गोल असले, तारीख निवडायची खिडकी वेगळी उघडली, तर वापरणाऱ्याचं काही अडत नाही. त्याला त्याच्या फोनची सवय असते. दोन ब्राउझर शेजारीशेजारी ठेवून बघतो तो फक्त पान बनवणारा. मजकूर वाचता येतो का, रकाना भरता येतो का, बटण दाबता येतं का, इथे मात्र तडजोड नको.

[पुन्हा तो फॉर्म.]

तर ते बटण. मी लिहिलं होतं: फॉर्मची उंची पडद्याच्या शंभर टक्के, म्हणजे १०० व्हीएच. फोनवर हे माप पत्त्याची पट्टी आक्रसलेली आहे असं धरून घेतलं जातं. पट्टी उघडी असली, की तेवढा भाग झाकला जातो. लॅपटॉपवर फोनचा आकार निवडून मी तपासलं होतं, पण तिथे पट्टीही नव्हती आणि इंजिनही लॅपटॉपचंच होतं. २०२२ या एकाच वर्षात तिन्ही इंजिनांमध्ये डीव्हीएच हे नवं माप आलं. पट्टी जशी हलते, तसं ते बदलतं. मी जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहिली, आणि खरा फोन हातात घेतला.

[हातात फोन. बटण दिसतं.]

बटण दिसलं. मग मी फोन आडवा केला.

[फोन आडवा. बटण पुन्हा गायब.]

उंची कमी पडली, बटण पुन्हा कापलं गेलं, आणि पान अजूनही हलत नव्हतं. कारण आणखी एक ओळ तिथे होती, जास्तीचा भाग लपवणारी. फॉर्म सगळीकडे अगदी सारखा, एका पडद्यात मावलेला दिसावा म्हणून ती मीच घातली होती.

[कोडमधली एक ओळ खोडली जाते.]

ती ओळ खोडली. आता आडव्या फोनवर फॉर्म पडद्यात मावत नाही. लॅपटॉपवर दिसतो तसा दिसत नाही.

[बोट पान वर सरकवतं. निळं बटण वर येतं. बोट ते दाबतं.]