दोराचं दुसरं टोक

(पडद्यावर : पहाटेचं डोंबिवली स्टेशन. पुलाच्या जिन्यावरून धावणारी पावलं.)

डोंबिवलीत आधी पुलावर पावलं वाजायला लागतात, मग उजाडतं. सीएसएमटीपासून सुमारे 48 किलोमीटरवरचं हे गाव सकाळी माणसं मुंबईला धाडतं आणि रात्री पिळून निघालेली परत घेतं. मधल्या वेळात घरांना कुलूप, नाहीतर आजी-आजोबा.

अशा गावात शेजारधर्म पाळायचा कधी?

गिरगाव-दादरच्या चाळींतून कितीतरी कुटुंबं इकडे आली, ती जागा परवडते म्हणून. चाळीत शेजार वेगळा करावा लागत नसे. गॅलरी एक, नळ एक, त्यामुळे भांडणंही सामाईक. इथे ब्लॉक मिळाला, संडास घरात आला, दाराला लॅच आलं. ते सुख खरंच होतं. चाळीच्या आठवणीने गळा काढणारे बहुतेक जण पहाटेच्या रांगेत बादली घेऊन कधी उभे राहिलेले नसतात. पण लॅच लागलं की पलीकडे कोण आजारी आहे, हे कळायचं थांबलं, हेही तितकंच खरं.

मी इथे राहायला आलो तेव्हा माझ्या पहिल्या ओळखी झाल्या त्या लोकलमध्ये. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. चौथ्या सीटवर जरा सरकून मला टेकू देणाऱ्याच्या मुलीचे दहावीचे मार्क मला पाठ, त्याची शुगरही पाठ. दसऱ्याच्या आधी आम्ही डब्याला झेंडूची तोरणं बांधायचो, पूजा करायचो, पेढे वाटायचो. आणि समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांना मी ओळखायचो तो फक्त पाठमोरा.

(पडद्यावर : सोसायटीचा सूचनाफलक. टाचणीने लावलेला कागद.)

मग सोसायटीची वार्षिक सभा आली. त्या सूचनेत तळाशी एक ओळ हमखास असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल. जुने सभासद ही ओळ पाठ असल्यामुळे थेट तहकूब सभेलाच येतात. मला हे ठाऊक नव्हतं. मी दिलेल्या वेळी गच्चीवर पोचलो, तर तिथे फक्त सेक्रेटरी आणि गुंडाळलेल्या सतरंज्या.

"तुम्ही मोकळेच आहात ना? जरा तिकडचं टोक धरा."

या गावात मला आत घेतलं ते या वाक्याने. सतरंज्या घातल्या, खुर्च्या मांडल्या, आणि सभा संपेपर्यंत टाकी सफाईवर देखरेख माझ्याकडे आली होती. कोणी सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं, मला आजही सांगता येणार नाही. पण टाकीत बॅटरी धरून उभ्या असलेल्या माणसाला चारही मजले ओळखायला लागतात. पाणी गढूळ आलं की आधी त्याचंच दार वाजतं.

(पडद्यावर : फडके रोड, आदली रात्र. रस्त्यावर वाकून रांगोळी काढणाऱ्या बायका.)

हा फडके रोड. इथलं गणेश मंदिर 1924 सालचं. त्याच मंदिर संस्थानाने 1999 साली गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढली. कल्पना आबासाहेब पटवारी यांची. तोवर पाडवा म्हणजे आपापल्या खिडकीतली गुढी, कडुलिंब आणि श्रीखंड. यात्रेने तो रस्त्यावर उतरवला. पुढे ठाणे, गिरगाव, आणखी कुठे कुठे अशा यात्रा निघायला लागल्या. गिरगाव सोडून आलेल्यांच्या गावाने गिरगावला एक प्रथा धाडली, याची मला अजून गंमत वाटते.

टीव्हीवर दिसतात त्या नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुली आणि ढोल-ताशा. दिसत नाहीत त्या आधीच्या आठवड्यांतल्या बैठका. कोणाच्या मागे कोण, चित्ररथ वायरींखालून जाईल का, टेम्पो वळणार कुठे, पिण्याचं पाणी कोणत्या कोपऱ्यावर. एखादं पथक कॅमेऱ्यासमोर रेंगाळलं की मागची सगळी रांग तटते. त्या पथकाला पुढे कोण ढकलणार, यावरही चर्चा होते. आणि सगळी मानाची कामं वाटून झाली की एक काम उरतं, दोर धरायचं.

लेझीमवाल्या मुलींच्या दोन्ही बाजूंनी दोर, म्हणजे गर्दी आत घुसत नाही. या कामासाठी कोणी भांडत नाही. तळहाताला वळ उठतात आणि फोटोत आपण कधीच नसतो.

माझ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला एक आगरी गृहस्थ होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. म्हणाले, "राहता कुठं?" मी बिल्डिंग सांगितली. ते हसले. "तिथं आमची खाचरं होती. पावसात गुडघाभर चिखल."

मी इतकी वर्षं ज्या पत्त्यावर कुरिअर मागवतो, ते कोणाचं तरी भातशेत होतं. 'सांस्कृतिक नगरी'च्या गप्पांत हे सहसा येत नाही. 2017 साली 90वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं, त्याची यजमान संस्था होती आगरी युथ फोरम. त्या दिवसांत शहराला थोडी आठवण झाली, की पाहुणे नक्की कोण आहेत.

(पडद्यावर : यात्रेतली गर्दी, अडकलेली रिक्षा.)

कुरकुर करणारे आहेत, आणि त्यांचं चुकतं असं नाही. रस्ते बंद, रिक्षा मिळत नाही, ढोलाचा आवाज आजाऱ्याच्या छातीत बसतो. हा सण ज्यांचा नाही, त्यांनी त्या सकाळी काय करायचं? बैठकीत हे विचारायला हवं. सतरंजी घालणाऱ्याने विचारलं तर ऐकतात, एवढं मी अनुभवाने सांगतो. बाल्कनीतून विचारलं तर नाही ऐकत.

(पडद्यावर : रिकामा फडके रोड. आवाज नाही.)

25 मार्च 2020. गुढीपाडवा, आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. यात्रा निघाली नाही. पण आमच्या गल्लीत यात्रेतल्या पाणीवाटपाची जुनी यादी होती : कोणाकडे स्कूटर, कोण कुठल्या बिल्डिंगमध्ये, कोणाचा फोन लागतो. त्याच यादीवरून औषधं पोचली, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे डबे पोचले. समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांना इन्सुलिन लागतं, हे मला तेव्हा कळलं.

(पडद्यावर : माळ्यावर गुंडाळून ठेवलेला दोर.)

दोर सध्या माझ्या माळ्यावर असतो. कोणी तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवायला नेतं, कोणी गच्चीवर ताडपत्री बांधायला. परत आणून देणारा बहुतेक वेळा नेणाऱ्यापेक्षा वेगळाच निघतो. मागच्या वेळी तर तो आमच्या बिल्डिंगमधलाही नव्हता.