सोयाच्या सोपस्टॉकपासून प्लास्टिसायझर: पेरॉक्साइड एकदम ओतू नका

नमस्कार मंडळी. निपाणी, चिकोडी, बैलहोंगल, सगळीकडून एकच प्रश्न येतोय: सोयाबीन तेल रिफाइन केल्यावर उरणाऱ्या सोपस्टॉकचं, म्हणजे साबणासारख्या गाळाचं, प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करणारं द्रव्य) होतं का? होतं की! पण हे घरच्या गॅसवर करायचं काम नव्हे, आणि यातल्या एका टप्प्यावर आज मी अडून बसणार आहे.

आधीचं भराभर सांगतो. सोपस्टॉक ९० अंशांवर ठेवून सल्फ्युरिक अ‍ॅसिडनं सामू ३ च्या खाली आणला की अ‍ॅसिड ऑइल वर येतं. खालचं आंबट पाणी चुन्यानं उदासीन करा, तसंच ओढ्यात सोडू नका. मिथेनॉलबरोबर तेलाचं मिथाइल एस्टर करायचं, धुवायचं, वाळवायचं, व्हॅक्यूमखाली डिस्टिल करायचं. अ‍ॅसिड व्हॅल्यू (मोकळ्या आम्लाचं माप) १ च्या खाली आल्याशिवाय पुढं जायचं नाही. मोकळं फॅटी अ‍ॅसिड राहिलं तर पुढं तयार होणारं इपॉक्साइडचं कडं (दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचं छोटं वलय) तेच फोडतं.

आता मुख्य काम: पेरॉक्साइड वापरून एस्टरमधल्या दुहेरी बंधांच्या जागी ही कडी तयार करायची. १ किलो एस्टर, आयोडीन व्हॅल्यू (दुहेरी बंध किती आहेत त्याचं माप) १३० धरूया. त्याला ८५ टक्क्यांचं फॉर्मिक अ‍ॅसिड ११० ग्रॅम आणि ५० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ५२० ग्रॅम. एस्टर आणि फॉर्मिक ढवळत ५० अंशांवर न्या, मग पेरॉक्साइड थेंबथेंब, ३ ते ४ तासांत. तापमान ६० ते ६५.

"एकदम ओतलं तर वेळ वाचेल ना?" असं बऱ्याच जणांनी विचारलंय. नाही. १ किलो एस्टरमधून सुमारे १२०० किलोज्यूल उष्णता निघते. साधारण साडेतीन लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी! ती तासाभरात बाहेर काढायची ताकद जॅकेटमध्ये, म्हणजे भांड्याभोवतीच्या गार पाण्याच्या कवचात, नसते. मिश्रण फेसाळून उसळतं.

हेच दुसऱ्या बाजूनं बघा. भांडं ४० अंशांवर आहे, काहीच होत नाही, म्हणून आणखी ओतलं. प्रतिक्रिया थांबलेली नसते हो, न वापरलेलं पेरॉक्साइड नुसतं साठत असतं. थोडं तापलं की साठलेलं सगळं एकदम पेटल्यासारखं चालतं. म्हणून गार भांड्यात कधीच ओतायचं नाही. ढवळणी बंद पडली तर आधी पेरॉक्साइडचा नळ बंद करायचा, मग मोटर बघायची.

आणि स्फोट नाही झाला तरी माल जातो. ८० अंशांवर कडी फुटून हायड्रॉक्सिल तयार होतात, माल घट्ट होतो, पीव्हीसीतून घामासारखा बाहेर येतो. ओळखायचं कसं? आयोडीन १३० असेल तर ऑक्सिरेन (कड्यांमधल्या ऑक्सिजनचं प्रमाण) जास्तीत जास्त साडेसात टक्के येऊ शकतो. ६ च्या वर मिळाला तर उत्तम. ऑक्सिरेन कमी आणि आयोडीनही कमी असेल तर कडी फुटली. ऑक्सिरेन कमी आणि आयोडीन जास्त असेल तर काम अर्धवट राहिलं, अजून वेळ द्या.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भांडं बनवून घेताय? एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) किंवा काचेचं अस्तर सांगा. लोखंडाचा अंश, वेल्डिंगचा चुरा राहिला की पेरॉक्साइड फुकट फुटतो आणि ऑक्सिजनचा दाब वाढतो. झाकणाला मोकळा व्हेंट हवाच.

खानापूरकडच्या एका दादांनी विचारलंय, ठिबकच्या नळीत घालू का? नको हो! ठिबकची लॅटरल (पिकाच्या ओळीतली नळी) पॉलिथिलीनची असते, तिला प्लास्टिसायझर लागतच नाही. पाण्याच्या कडक पीव्हीसी पाइपलाही नाही. हे लागतं मऊ पीव्हीसीला: बागेची नळी, वायरचं आवरण, चप्पल. १०० भाग पीव्हीसी रेझिनला ५० भाग डीओपी (नेहमीचं बाजारातलं प्लास्टिसायझर) घालत असाल, तर आधी १० भागच बदलून बघा. मिथाइल एस्टरचा रेणू लहान, गरमीत तो डीओपीपेक्षा लवकर उडतो. अशा पीव्हीसीची पट्टी वजन करून १०० अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवा, पुन्हा वजन करा, आणि शेजारी निव्वळ डीओपी घातलेल्या पीव्हीसीची पट्टी ठेवायला विसरू नका.