आधी गोळी ठरवा, मग नळी

मंडळी, पुढं या, पहिली रांग रिकामी ठेवू नका. पत्रिकेत विषय छापलाय 'लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी बॅरल आणि काडतुसाची निवड', आणि संयोजकांनी पाऊण तास दिलाय. लांब पल्ला म्हणजे माझ्या हिशोबात ३०० मीटर आणि त्यापुढं, १००० यार्डांपर्यंत. तिथं आपण जाणारच आहोत. पण कोल्हापूरला सवय ५० मीटरची, म्हणून तिथूनच निघू. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली ती ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य घेतलं तेही ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. तेव्हापासून माझा फोन काही थांबत नाही. 'सर, पोराला रायफल घ्यायची आहे. कुठली घेऊ?' आणि लगेच दुसरा प्रश्न, 'लांब किती जाते?'

अहो, लांब जायचं काय कौतुक? ५० मीटरला वापरतात त्या साध्या पॉइंट टू-टूच्या, म्हणजे .२२ इंच व्यासाच्या काडतुसांच्या, डब्यावर दीड मैलाचा इशारा छापलेला असतो. बिंदू चौकात सुटलेली गोळी रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्या माणसापर्यंत पोचू शकते. (हशा) हसा, पण तो इशारा गंमत म्हणून छापत नाहीत. गोळी जाते किती याला नेमबाजीत किंमत नाही. दहा गोळ्या एकाच जागी जातात का, एवढंच बघायचं.

मग कंपनीचं नाव निघतं. अन्शुट्झ घेऊ की वॉल्थर? दोन्ही जर्मनीतल्या उल्म शहरातल्या. त्यांचं भांडण त्यांनी तिथंच मिटवावं, आपण इकडं मिरजकर तिकटीला उभं राहून कशाला डोकं फोडायचं? दोन्ही रायफली उत्तम. पण ही एवढी लाखांची रायफल आणल्यावर तिच्यात घालणार काय, हे मला आजवर एकाही पालकानं स्वतःहून विचारलेलं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, आणि ते ऐकवायलाच मी आज आलोय: आधी गोळी ठरवा, मग बॅरल. सगळे उलटं करतात.

तालमीत वस्ताद प्रत्येक पैलवानाचा खुराक वेगळा ठरवतो. एकाला जे मानवतं त्यानं दुसऱ्याचं पोट बिघडतं. बॅरलचं तसंच आहे. एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात निघालेल्या दोन बॅरलना एकच काडतूस मानवेल असं नाही. टू-टूच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, रिममध्ये भरलेला असतो. तो कडेभर सारखा पसरला पाहिजे, वर बारूद सारखी पडली पाहिजे, शिशाच्या गोळीवरचा मेणचट थर सारखा बसला पाहिजे. यातलं काहीही केसभर बदललं की वेग बदलतो. म्हणून डब्यावर लॉट नंबर, म्हणजे एका वेळी बनलेल्या घाण्याचा नंबर, छापतात.

आता हिशोब ऐका. मॅच काडतुसाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. नळीतून ती सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर वेगानं निघते. ५० मीटर जाईपर्यंत ती बारा-साडेबारा सेंटिमीटर खाली येते. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर टार्गेटवर खाली-वर सात-आठ मिलिमीटर फरक पडतो. दहाचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर. पोरीनं श्वास सांभाळला, ट्रिगर लोण्यासारखा ओढला, आणि नऊ पॉइंट काहीतरी! आई म्हणते एकाग्रता नाही, बाबा म्हणतात मोबाईल काढून घ्या. पोरीची चूक नसतेच. डब्याची असते.

तर एक किस्सा सांगतो. माझ्याकडची एक मुलगी, नाव कशाला घेऊ. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून आम्ही एका चांगल्या ब्रँडचे वेगवेगळे लॉट तपासले. प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या मारून टार्गेटवर त्यांचे ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, काढले, कॅलिपर लावून मोजले. एका लॉटनं भोकात भोक पाडलं. वडिलांनी कर्ज काढून त्याच लॉटची ऑर्डर दिली, लॉट नंबर कागदावर लिहून, खाली रेघ ओढून. मग परवान्याची नोंद, आयातीची परवानगी, कस्टम. कागदाची फाईल काडतुसांच्या पेटीपेक्षा जड झाली. एका ऑफिसातल्या साहेबांनी तर 'एवढी काडतुसं कशाला लागतात, पदक एकच आहे ना?' असंही विचारलं. शेवटी निवड चाचणीच्या तोंडावर माल आला. पेटी फोडली तर तीन निरनिराळे लॉट! आमचा एकही नाही. पुरवठादाराला फोन लावला. तो गडी शांतपणे म्हणतो, 'सर, कंपनी तीच, डबा तोच, रंगसुद्धा तोच. फरक काय पडतो?'

फरक काय पडतो! पुन्हा क्लॅम्प, पुन्हा ग्रुप. तिन्हीत त्यातल्या त्यात बरा एक निवडला आणि पोरगी त्यावर खेळली. थोडक्यात हुकली. चाचणीनंतर गावातले चार जाणते घरी येऊन सांगून गेले की तिला ध्यान शिकवा. तेव्हापासून मी ध्यानाच्या शिबिरांवर जरा खार खाऊन आहे, हे कबूल. इले आणि लापुआ या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्या नेमबाजांना आपली रायफल घेऊन कारखान्याच्या रेंजवर बोलावतात, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ आणि जर्मनीत शोनबेकला, आणि मानवलेला लॉट तिथंच बाजूला काढून ठेवतात. आमची धाव कुठवर, तर पुरवठादाराच्या फोनपर्यंत.

चिठ्ठी आली... 'दहा मिनिटे.' आणि मी अजून ५० मीटरवरच. बरं, आता भरभर.

लांब पल्ल्याला तीन गोष्टी ठरवायच्या, त्याही याच क्रमानं: किती अंतरावर खेळायचं, त्याला कुठली गोळी, आणि त्या गोळीला फिरकी द्यायला बॅरलच्या आतल्या खाचांना किती पीळ. गोळी जितकी लांब तितकी तिला फिरकी जास्त लागते. ग्रीनहिल नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७९ मध्ये सूत्र दिलं: गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचात. येणारं उत्तर म्हणजे किती इंचांत एक फेरा. .३०८ इंच व्यासाची १७५ ग्रेनची, सव्वा इंचाच्या आतबाहेरची गोळी घ्या. उत्तर साडेअकराच्या आसपास येतं. म्हणून ११ किंवा १० इंचांत एक फेरा देणारं बॅरल घ्यायचं. ६.५ मिलिमीटरच्या क्रीडमूर काडतुसातल्या लांबुळक्या १४० ग्रेनच्या गोळीला ८ लागतो. टू-टूला १६ पुरतो. बॅरल आधी घेतलं की पीळ आधीच ठरतो, मग त्याला चालेल ती गोळी शोधत फिरा.

आवाजाचा वेग लक्षात ठेवा, २० अंश सेल्सिअसला ३४३ मीटर. मॅचची टू-टू पहिल्यापासून त्याच्या खालीच राहते. मोठ्या बोअरची, म्हणजे टू-टूपेक्षा रुंद नळीची, गोळी टार्गेटपर्यंत त्याच्या वर राहिली पाहिजे, कारण ती हद्द ओलांडताना गोळी डगमगते. .३०८ ची १६८ ग्रेनची एक नावाजलेली मॅच गोळी ३०० मीटरसाठी बनवलेली. १००० यार्डांवर ती कधीकधी कागदात आडवी शिरते. पाल्मा नावाच्या लांब पल्ल्याच्या सामन्यात ८०० ते १००० यार्डांवर १५५ ग्रेन वापरतात, आणि वेग मिळावा म्हणून ३० इंची बॅरल. टू-टूला लांब बॅरलचा तसा उपयोग नाही, तिची बारूद पहिल्या ४० सेंटिमीटरच्या आसपासच जळून जाते.

वारा. ताशी १० मैलांचा आडवा वारा १००० यार्डांवर .३०८ ला अडीच मीटरच्या आसपास ढकलतो, क्रीडमूरला पावणेदोन. मग सगळ्यांनी क्रीडमूरच घ्यायची का? थांबा, बॅरलचं आयुष्य बघा. .३०८ चं बॅरल चार-पाच हजार राउंड चांगलं चालतं, क्रीडमूरचं दोन-तीन हजार. लहान नळीत जास्त बारूद जाळली की चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढचा घसा लवकर जळतो. म्हणून ३०० मीटरवाले ६ मिलिमीटर बीआर नावाचं काडतूस पसंत करतात. बारूद कमी, धक्का कमी, आणि त्या अंतराला भरपूर. पहिली मोठ्या बोअरची रायफल घेणाऱ्यानं सावकाश झिजणारं बॅरल घ्यावं, वारा वाचायला त्यावरच शिकावं.

आणि हे सगळं ठरवण्याआधी परवाना बघा. .३०३ आणि ७.६२ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहेत. शेतावरची इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल कोणी घेऊन आला तर मी नाही म्हणत नाही, पण ती राखणीची बंदूक आहे. बदली बॅरलही कायद्याच्या लेखी शस्त्राचाच भाग असतं, त्यामुळं ते मागवताना पुन्हा तीच फाईल, तेच साहेब. घसा जळायला लागल्यावर अर्ज करू नका, निम्मे राउंड झाले की करा.

चेंबरचं माप आणि बॅरलची सफाई राहिली, त्याला वेगळा दिवस द्या. तिसऱ्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात. विचारा ताई.