जबाबदारी दिली, पण निर्णय कोणाचा? मोशेचा सासरा आणि आपला तरुण संघ

सलाम, जय ख्रिस्त, नमस्कार. ज्याला जे जवळचं वाटेल ते घ्या.

आज नेतृत्वावर बोलायचंय. मला फार हौस होती असं नाही, पण नाताळ झाल्यापासून कमेंटमध्ये एकच रडगाणं चालू आहे. "सर, आमच्या मंडळीत तरुण पोरं पुढे येत नाहीत." "सर, कोणीच जबाबदारी घेत नाही." कामठीतून येतंय, वर्ध्यातून येतंय, आपल्या नागपूरच्या सदरमधून तर येतंच येतं. एका ताईंनी लिहिलंय, आमच्या तरुण संघाच्या सेक्रेटरींना चाळिशीचा चष्मा लागलाय. ताई, तुमची कमेंट मी घरी मोठ्याने वाचून दाखवली.

सोप्या गोष्टी आधी उरकून टाकू. नेत्याने सेवक व्हावं, बायबलमध्ये मत्तय 20. जब्दीच्या बायकोने आपल्या दोन्ही पोरांसाठी येशूच्या उजवी-डावीकडची जागा मागितली, मग बाकीचे दहा शिष्य चिडले, ती गोष्ट. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, योहान 13. वेळेवर या, खरं बोला, प्रार्थना करा, लोकांची नावं लक्षात ठेवा. संडे स्कूलमध्ये पाठ झालंय ना हे सगळं? झालं तर मग. पुढे चला.

आणि हो, हॉलमध्ये एसी लावून, कोट घालून, 'प्रभावी नेतृत्वाच्या सात पायऱ्या' असं शिबिर घेणारे असतात ना, त्यांच्यावर मी आज काही बोलणार नाही. सर्टिफिकेट मिळतं, फाइल मिळते, दुपारी पुलाव मिळतो. सोमवारी मंडळीत पुन्हा तेच चार लोक खुर्च्या उचलतात. बघा, बोललोच शेवटी.

आता मुद्दा. बायबलमधलं निर्गम हे पुस्तक, अध्याय 18. हा अध्याय सगळ्यांना माहीत असतो, पण अर्धाच. वाळवंटात तळ ठोकलेल्या इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून लोकांचे तंटे सोडवतोय, समोर ही रांग. त्याचा सासरा इथ्रो, मिद्यानचा याजक, म्हणजे बाहेरचा माणूस, लेकीला आणि नातवांना घेऊन भेटायला आलेला. एक दिवस बघतो आणि जावयाला तोंडावर सांगतो, बाबा, हे तू करतोस ते ठीक नाही. तू पण थकशील आणि हे लोक पण थकतील.

दुसरा भाग नीट ऐकला का? लोक पण थकतील. आपण समजतो एकटा राबणारा माणूस तेवढा थकतो, बिचारा. रांगेतल्या लोकांचं काय? ते दिवसभर उन्हात उभे आहेत, कारण साहेबांशिवाय पान हलत नाही.

मग इथ्रो उपाय सांगतो. देवाला भिणारी, खरं बोलणारी, लाचेचा तिटकारा असलेली माणसं निवड. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नेमून दे. इथपर्यंत सगळे वाचतात. उपदेशही इथपर्यंतच येतो. "तर बंधुभगिनींनो, कामाची वाटणी करा, आमेन." आणि लगेच मिटिंगमध्ये याद्या होतात. तू चहा बघ, तू माइक बघ, तू सजावट बघ.

पुढची ओळ 22 वी. मोठी प्रकरणं तुझ्याकडे आणावीत, लहान प्रकरणांचा न्याय त्यांनीच करावा. *त्यांनीच*. इथ्रोने काम वाटायला सांगितलं नाही, निकाल द्यायचा अधिकार वाटायला सांगितलं. आमच्याकडे चहा करायला माणूस नेमतात, पण चहात आलं घालायचं का, हे विचारायला त्याने कमिटीतल्या काकांकडे जायचं.

आता हीच गोष्ट मी तीनदा सांगणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे ढकला. मागच्या वेळी एकाने लिहिलंच होतं, "सर, पॉइंटवर या, किती बोलता." भाऊ, मी शाळामास्तर आहे. एकदा सांगून वर्गाला कळलं असतं तर फळ्याची गरजच काय होती?

पहिल्यांदा, मंडळीत. नाताळचा कार्यक्रम तरुण संघाकडे दिला म्हणून जाहीर होतं, टाळ्या पडतात. पोट्टे रात्री जागून गव्हाणीचा देखावा करतात, तणस आणतात, स्टार लावतात. नाटुकलं बसवतात, त्यातला मेंढपाळ अस्सल नागपुरी बोलतो, लोक हसणार असतात. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी एक वडीलधारे येतात, उभ्या-उभ्याच बघतात आणि म्हणतात, "हे काऊन? मेंढपाळ असा बोलतो काय? बदला." लागलीच बदललं. पुढच्या वर्षी तीच पोरं मागच्या बाकावर मोबाइल घेऊन बसलेली असतात. आणि तुम्ही मला कमेंट करता, सर, तरुण पुढे येत नाहीत. कसे येतील बाप्पा? त्यांना कळलंय, आपल्याला हमाली दिलीय.

दुसऱ्यांदा, शाळेत. वर्गात मॉनिटर असतो. करतो काय? मास्तर बाहेर गेले की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो. शिक्षा मास्तर देणार, माफी मास्तर देणार. म्हणजे तो नेता नाही, खबरी आहे. आणि त्याचे मित्र त्याच्याशी खबऱ्यासारखंच वागतात.

यावर एक गोष्ट आठवली, विषयाला सोडून नाही. मद्रासमध्ये एग्मोरला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा होती. तिथे 1789 मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटलंडचा पाद्री प्रमुख म्हणून आला. त्याने जवळपासच्या देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली आणि आपल्या मास्तरांना म्हणाला, असं शिकवा. मास्तर म्हणाले, जमायचं नाही. मग बेलने काय केलं? साधारण आठ वर्षांच्या एका मुलाकडे तो वर्ग देऊन टाकला. वर्ग दिला, नावं लिहायचा खडू नाही. पोराने शिकवलं. पुढे मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची ती पद्धत बेलने 1797 मध्ये लंडनला छापली आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडभर गेली. त्या पद्धतीत दोष होते, घोकंपट्टी फार होती. पण आठ वर्षांच्या मुलाला खराखुरा वर्ग सोपवायची हिंमत आज आपल्यात आहे का? आपण नववीतल्या पोरीला हजेरीपट सुद्धा देत नाही, म्हणे हरवेल.

तिसऱ्यांदा, घरात. पोरीला किराणा आणायला पाठवता. हातात यादी, पैसे. दुकानात पोचेपर्यंत तीन फोन. कोणती डाळ घेतली, पाकिटावर तारीख बघितली का, त्या दुसऱ्या दुकानात बघ. आणि बारावीनंतर एक दिवस तिला म्हणायचं, बेटा, तुझ्या आयुष्याचा निर्णय तूच घे. तिला डाळीचा निर्णय घेऊ दिला नाही कधी, आयुष्याचा कुठून घेणार?

आता एवढं ऐकल्यावर शहाणे लोक म्हणतील, ठीक आहे, आम्ही निर्णय पण देऊ. देता. मनापासून देता. तरी ते टिकत नाही. का टिकत नाही, तीच आजची खरी मेख आहे आणि तिच्यासाठीच हा व्हिडिओ आहे. ती म्हणजे मागच्या दाराने येणारी तक्रार.

समजा दहा जणांच्या नायकाने एका शेळीच्या भांडणात निकाल दिला. हरणाऱ्याला तो पटला नाही. तो तडक मोशेच्या तंबूत गेला, "तुम्हीच बघा ना जरा." मोशेने जर म्हटलं, "बस, सांग काय झालं," तर खलास. संध्याकाळपर्यंत पूर्ण छावणीला कळेल की दहाचा नायक नावापुरता आहे. उद्या सकाळी रांग पुन्हा मोशेच्याच दारात.

आमच्याकडे मे महिन्यात व्हीबीएस असते, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा. नागपूरचा मे, पारा 45 च्या आसपास. हॉलमध्ये दोन मोठे कूलर. टाकीतलं पाणी संपलं आणि लक्ष गेलं नाही तर पंप जळतो, आणि मग साठ-सत्तर पोट्ट्यांना योनाची गोष्ट सांगून बघा. एका वर्षी वेळापत्रक आणि हॉलची व्यवस्था अकरावीतल्या एका मुलीकडे दिली. दिली म्हणजे दिली. तिने पहिल्याच दिवशी वेळ दहावरून सकाळी सातवर आणली. म्हणे, साडेनऊला सोडू, कूलरवरचा भार कमी आणि पोरं उन्हाच्या आत घरी.

दुसऱ्या दिवशी गेटवर एक आत्या मला गाठून उभ्या. "सात वाजता लेकरं उठतात काय? तुम्ही सांगा तिला." मी म्हटलं, "आत्या, वेळापत्रक तिच्याकडे आहे. ती बघा, टाकीत पाइप सोडून उभी आहे, तिला सांगा." आत्या म्हणाल्या, "अहो, ती कालची पोरगी! तुम्ही मोठे आहात ना?" मी पुन्हा तेच म्हटलं. आत्यांना राग आला, दिसत होता. पण गेल्या तिच्याकडे. पोरीने पाइप खाली ठेवला, हात ओढणीला पुसले आणि म्हणाली, "आत्या, पहिला अर्धा तास नुसती गाणीच ठेवलीत. लहानग्यांना साडेसातला आणा, धडा चुकणार नाही." हे तर मलाही माहीत नव्हतं.

तर करायचं काय? काम सोपवताना तीन गोष्टी सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगायच्या. कोणते निर्णय तुझे, किती पैशांपर्यंत तुझे, आणि कोणती गोष्ट आली की माझ्याकडे यायचंच. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर त्याच क्षणी माझ्याकडे, त्यात पोरांना एकटं सोडायचं नाही. बाकी तक्रार घेऊन कोणी तुमच्याकडे आलं की त्याला परत पाठवायचं. गोड बोलून पाठवा, चहा पाजून पाठवा, पण पाठवा. पाळकसाहेबांना हे सगळ्यात जड जातं, कारण लोक प्रेमानेच येतात आणि परत पाठवलं की रुसतात.

एक कमेंट नेहमी येते, "बायकांना नेतृत्व द्यावं का?" दादा, बायबलमधलं शास्ते 4 उघडा. दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसून न्याय करत होती आणि लोक तिच्याकडे जात होते. ते नको असेल तर पंडिता रमाबाई घ्या. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणलं, आणि मुक्तीच्या छापखान्यात कामाला तिथल्याच बाया. टाकून दिलेल्या विधवा, दुष्काळातून आणलेल्या पोरी. त्या खिळे जुळवत होत्या. 1921 मध्ये मनोरमा गेली, रमाबाईंची एकुलती एक मुलगी, जिच्याकडे हे सगळं जायचं होतं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. मुक्ती चालूच राहिलं, आजही आहे. बंद का पडलं नाही, ते तुम्हीच लिहा कमेंटमध्ये.

आपल्या नागपूरचंही सांगतो, नाहीतर म्हणाल बाहेरचंच सांगता. स्कॉटलंडचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटाकडून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेला. शाळा तो चालवायचा, दगड-खनिजं तो गोळा करायचा, आदिवासींची माहिती तो लिहून ठेवायचा. त्याच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं 1883 मध्ये, तो जाऊन वीस वर्षांनी. आणि 1970 च्या 29 नोव्हेंबरला याच शहरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झालं. सहा! आमच्याकडे उपासनेनंतरचा चहा आत द्यायचा की अंगणात, यावर दोन गट आहेत.

आता शेवटची शंका, जी पन्नास जणांनी तरी विचारलीय. नेमायचं कोणाला? माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. जो कटकट करतो त्याला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6. पहिल्या मंडळीतल्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. बारा प्रेषितांनी लोकांनाच सांगितलं, तुमच्यातून सात जण निवडा. निवडलेल्यांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन, सगळी ग्रीक वळणाची. ज्यांची ओरड होती, त्यांच्याच बाजूच्या लोकांकडे भांडार गेलं बहुतेक. आपण कटकट्याला कमिटीबाहेर ठेवतो आणि 'हो साहेब' म्हणणाऱ्याला खजिनदार करतो.

"आणि पैसे खाल्ले तर?" खातात कधी कधी, नाही कशाला म्हणू. म्हणून 2 करिंथ 8 वाचा. गोळा केलेली मदत पोचवायला प्रेषित पौल आपल्या साथीदाराला, तीताला, एकट्याला पाठवत नाही, सोबत आणखी माणसं देतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून. दानपेटी दोघांनी मोजायची, दोघांनी सह्या करायच्या, हिशेब फलकावर लावायचा. यात अविश्वास नाही, उलट त्या पोराचं संरक्षण आहे.

पुढचा व्हिडिओ या हिशेबावरच करतो. तोवर खाली लिहा, तुमच्या मंडळीत दानपेटी किती जण मोजतात. खरं लिहा, पण मंडळीचं नाव लिहू नका, मागच्या वेळी मला फोन आले होते.